शंकेची मर्यादा : आरोग्य-संशोधनातील आकडे आणि कारणाचा प्रश्न

दोन गोष्टी वारंवार एकत्र आढळल्या, तर त्यांपैकी एक दुसरीचे कारण आहे असे कोणत्या आधारावर म्हणायचे? आरोग्य-संशोधनातला जवळजवळ प्रत्येक वाद शेवटी या जुन्या तात्त्विक प्रश्नापाशी येऊन ठेपतो. सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळतो, हे निरीक्षण. सिगारेटमुळे तो होतो, हे अनुमान. निरीक्षणाची पडताळणी मोजदादीने होते. अनुमानाला मात्र समर्थन द्यावे लागते. त्या समर्थनाची साधने सांख्यिकी पुरवते, पण ती पुरेशी केव्हा झाली हे ठरवणे तिच्या हातात नसते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटन आणि अमेरिकेत झालेला धूम्रपानाचा वाद या प्रश्नाचे अस्सल उदाहरण आहे. त्यात दोन्ही बाजूंना त्या काळचे श्रेष्ठ सांख्यिकीतज्ज्ञ होते. आकडे बहुतेकांना मान्य होते, तरी निष्कर्षावर एकमत होत नव्हते. अनुमान केव्हा वैध आणि केव्हा फसवे याची चिकित्सा न्यायदर्शनाने अनेक शतके केली आहे. त्या चिकित्सेच्या उजेडात हा वाद पाहिला, की त्याची गाठ नेमकी कुठे होती ते कळते.

व्याप्ती, उपाधी आणि अन्यथासिद्धी

न्यायशास्त्रातले प्रसिद्ध अनुमान असे : पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान ‘जिथे धूर तिथे अग्नी’ या व्याप्तीवर, म्हणजे निरपवाद साहचर्यावर, उभे असते. व्याप्ती कळते ती पुन्हापुन्हा पाहिल्याने, आणि तिच्याविरुद्ध एकही उदाहरण न आढळल्याने. चार्वाकांचा आक्षेप नेमका इथे आहे. भूतकाळातले, भविष्यातले आणि दूरदेशीचे सगळे धूर कोणी पाहिलेले नाहीत. मग निरपवाद नियम कळला तो कुठून? अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने कारणसंबंधाबद्दल याच जातीची शंका काढली. त्याच्या मते ‘कारण’ कधी डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो केवळ एकामागून एक येणाऱ्या घटनांचा क्रम.

चार्वाकांच्या आक्षेपाला आणखी एक धार आहे, ती उपाधीची. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हा उलटा नियम घेतला तर तो फसतो, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते. अग्नी आणि धूर यांच्या संबंधात लपलेली ही ओल्या सरपणाची अट म्हणजे उपाधी. न्यायग्रंथांतले दुसरे उदाहरण तर आरोग्य-संशोधनाच्या अगदी दाराशी आणून सोडते. मित्रा नावाच्या स्त्रीचे पाहिलेले सगळे मुलगे सावळे आहेत. म्हणून न पाहिलेला मुलगाही सावळाच असणार, असे कोणी म्हणतो. नैयायिक त्यावर उपाधी दाखवतो : गरोदरपणी आईने खाल्लेली पालेभाजी. मागच्या खेपांना तिने ती खाल्ली होती, या खेपेला खाल्ली असेलच असे नाही. पालेभाजीने वर्ण सावळा होतो ही जुनी समजूत बाजूला ठेवली तरी युक्तिवादाची घडण अचूक राहते. मित्राचा मुलगा असणे आणि सावळे असणे यांचा दिसणारा संबंध तिसऱ्याच गोष्टीतून आलेला असू शकतो. आजच्या साथरोगशास्त्रात ज्याला गोंधळकारक घटक म्हणतात, त्याचे हे जवळचे नातलग रूप आहे.

कारणाच्या व्याख्येतही नैयायिकांनी हीच खबरदारी घेतली. कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध नसणारे ते कारण. घट तयार होण्याआधी कुंभार असतो, कुंभाराचा बाप असतो आणि माती वाहणारे गाढवही असते. पण बाप आणि गाढव अन्यथासिद्ध ठरतात. त्यांच्यावाचून घटाचा उलगडा पुरा होतो. म्हणजे आधी असणे पुरेसे नाही, इतर सर्व जमेस धरूनही ज्याची गरज उरते तेच कारण.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. न्यायातली व्याप्ती निरपवाद असते. आरोग्याच्या आकड्यांत तशी व्याप्ती क्वचितच मिळते. आयुष्यभर विड्या ओढून नव्वदी गाठणारा माणूस असतो, आणि तंबाखूला कधी न शिवलेल्याला कर्करोग होतो. इथे संबंध असतो तो प्रमाणाचा. त्यामुळे व्याख्येतला ‘नियमाने’ हा भाग सैल होतो आणि सगळा भार ‘अन्यथासिद्ध नसणे’ या दुसऱ्या भागावर पडतो. धूम्रपानाचा वाद त्याच्यावरच झाला.

लंडनचे आकडे

इंग्लंड आणि वेल्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंची नोंद 1922 साली 612 होती, 1947 साली ती 9,287 झाली. ही वाढ खरी, की क्ष-किरण तपासणीमुळे निदान सुधारले म्हणून दिसणारी, इथपासून मतभेद होते. मोटारींचा धूर आणि रस्त्यांवरचे डांबर यांच्यावरही संशय होता. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल यांनी लंडनमधल्या वीस रुग्णालयांत या कर्करोगाचे 709 रुग्ण निवडले. प्रत्येकाच्या जोडीला त्याच लिंगाचा, त्याच वयोगटातला, पण दुसऱ्या आजाराचा एक रुग्ण घेतला. सगळ्यांना धूम्रपानाबद्दल बारकाईने प्रश्न विचारले. निष्कर्ष सप्टेंबर 1950 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले.

649 पुरुष रुग्णांपैकी धूम्रपान न करणारे फक्त 2 निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या 649 पुरुषांपैकी 27. हे आकडे कसे वाचायचे हाच पहिला धडा आहे. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण एका बाजूला 99.7 टक्के, दुसऱ्या बाजूला 95.8 टक्के असे लिहिले तर फरक किरकोळ वाटतो. त्या काळी इंग्लंडात जवळजवळ प्रत्येक पुरुष सिगारेट किंवा पाइप ओढत असल्यामुळे हे असे दिसते. पण धूम्रपान करणारे आणि न करणारे यांचे दोन्ही गटांतले गुणोत्तर काढून ते एकमेकांशी ताडले, तर फरक सुमारे चौदा पटींचा येतो. आकडे तेच, पण एका मांडणीत संबंध झाकला जातो आणि दुसरीत उघड होतो.

आजारी माणसाला मागच्या आयुष्याबद्दल विचारले की त्याची आठवण आजाराच्या कलाने वळते, हा अशा पाहणीवरचा रास्त आक्षेप. त्याला उत्तर म्हणून डॉल आणि हिल यांनी 1951 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रे धाडली. चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी आपल्या सवयी कळवल्या. सवय आधी नोंदली गेली, मृत्यू नंतर मोजले गेले. 1956 च्या अहवालात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे वार्षिक प्रमाण दर हजारी असे होते : धूम्रपान न करणाऱ्यांत 0.07; रोज 1 ते 14 ग्रॅम तंबाखू ओढणाऱ्यांत 0.47, 15 ते 24 ग्रॅमवाल्यांत 0.86, 25 ग्रॅम किंवा अधिक ओढणाऱ्यांत 1.66. मात्रा वाढली की धोका वाढतो, असा पायऱ्यापायऱ्यांचा चढ त्यात होता.

फिशरची शंका

या निष्कर्षाला सर्वांत वजनदार विरोध आला तो रोनाल्ड फिशर यांच्याकडून. आधुनिक सांख्यिकीची बरीचशी हत्यारे त्यांनीच घडवली होती. 1925 च्या आणि 1935 च्या त्यांच्या ग्रंथांवर संशोधकांच्या पिढ्या वाढल्या. प्रयोगातले गट चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, पाडले पाहिजेत हा आग्रहही त्यांचाच. त्यामागची युक्ती सोपी आणि खोल आहे. कोणाला औषध मिळणार हे निव्वळ योगायोगाने ठरले, तर ज्ञात आणि अज्ञात अशा सगळ्या उपाधी दोन्ही गटांत सारख्याच विखुरल्या जाण्याचा कल राहतो. जो काही असमतोल उरेल, त्याची शक्यताही मोजता येते.

ही पद्धत वैद्यकात रुजवण्यात हिल यांचाच मोठा वाटा होता. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या 1948 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांची विभागणी त्यांनी यादृच्छिक केली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 जणांपैकी 4 दगावले, केवळ विश्रांतीवर असलेल्या 52 पैकी 14. सिगारेटच्या बाबतीत अशी चाचणी शक्य नव्हती. हजारो माणसांना चिठ्ठी टाकून वीस वर्षे धूम्रपान करायला लावणे अनैतिकही आहे आणि अव्यवहार्यही. म्हणून केवळ निरीक्षणाचे आकडे हाती उरले, आणि निरीक्षणात उपाधीला मज्जाव नसतो.

फिशर यांनी 1957 आणि 1958 मध्ये हाच मुद्दा मांडला. संबंध आहे, पण त्याचे तीन अर्थ संभवतात, असे त्यांचे म्हणणे : धूम्रपानामुळे कर्करोग होतो, कर्करोगाच्या पूर्वावस्थेतली जळजळ माणसाला धूम्रपानाकडे वळवते, किंवा एखादी आनुवंशिक घडण धूम्रपानाची ओढही लावते आणि कर्करोगाची शक्यताही वाढवते. तिसऱ्या अर्थासाठी त्यांनी जुळ्यांचे पुरावे दिले. एकसारख्या जुळ्यांच्या जोड्यांत धूम्रपानाच्या सवयी जुळण्याचे प्रमाण भिन्न जुळ्यांपेक्षा बरेच जास्त होते. म्हणजे सवयीमागे आनुवंशिकता आहे. शिवाय डॉल-हिल यांच्या पहिल्या पाहणीत धूर छातीत ओढून घेणाऱ्यांचे प्रमाण कर्करोग झालेल्यांत किंचित कमीच होते, याकडेही त्यांनी बोट दाखवले. मेयो क्लिनिकचे जोसेफ बर्कसन यांचा आक्षेप वेगळा होता. धूम्रपानाचा संबंध एका नव्हे तर कितीतरी रोगांशी दिसतो. इतक्या गोष्टींशी जोडले जाणारे कारण संशयास्पद ठरते, मापनाच्या पद्धतीतच काही दोष असावा, असे त्यांचे मत होते.

फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. पण शंका कोणी काढली यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. न्यायाच्या भाषेत त्यांची शंका म्हणजे संदिग्ध उपाधी : अशी घडण असू शकेल, असे ते म्हणत होते, ती आहे असे त्यांनी दाखवले नव्हते. प्रश्न असा की, केवळ संभाव्य असलेली उपाधी अनुमान थोपवू शकते का, आणि किती काळ?

शंकेचे मोजमाप

1959 मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला गणिती उत्तर दिले. समजा, धूम्रपान निरुपद्रवी आहे आणि धोका वाढवते ती लपलेली घडण. धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोग नऊपट दिसत असेल, तर ती घडणही न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांत किमान नऊपट प्रमाणात आढळली पाहिजे. त्याहून कमी असेल तर एवढा मोठा फरक तिच्याने निर्माणच होणार नाही. कॉर्नफील्ड यांनी फिशरांची शंका चूक ठरवली नाही, तिच्यावर जबाबदारी टाकली. शंका घेणाऱ्याने आता सांगायचे होते की आपली उपाधी एवढी बलवान आहे, आणि तिच्या अस्तित्वाची खूण अमुक ठिकाणी सापडते.

मागणी वाढतच गेली. ती घडण रोजच्या सिगारेटींच्या संख्येप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारी हवी. धूम्रपान सोडलेल्यांत धोका उतरतो, तर सोडणाऱ्यांच्या शरीरात तीही ओसरणारी हवी. पंचवीस वर्षांत मृत्यू पंधरापट झाले, तर एका पिढीत सबंध राष्ट्राची आनुवंशिकता पालटलेली हवी. मुंबईत एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि व. रा. खानोलकर यांनी 1955 साली तंबाखू चघळणे आणि विडी ओढणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. तिथे चघळण्याचा संबंध तोंडातल्या कर्करोगाशी आणि विडीचा घशाकडच्या कर्करोगाशी अधिक दिसत होता. पदार्थ जिथे लागतो तिथे रोग उमटतो, ही गोष्ट कर्करोगाकडे झुकलेल्या सर्वसाधारण प्रकृतीने समजावणे कठीण जाते. छातीत धूर ओढण्याच्या मुद्द्यावरही अमेरिकेतल्या पाहण्यांत उलट कल दिसला. तिथे खोल ओढणाऱ्यांना धोका अधिक होता.

बौद्ध तार्किकांनी कारण ठरवण्यासाठी पाच टप्प्यांची पंचकारणी सांगितली होती. आधी कारण नाही, कार्यही नाही, मग कारण येते, मागोमाग कार्य येते, कारण हटते, मागोमाग कार्यही हटते. केवळ सोबत पाहण्यापेक्षा आणणे आणि काढून घेणे अधिक बोलके असते, हे त्यामागचे सूत्र. धूम्रपान सोडणाऱ्या डॉक्टरांनी हा शेवटचा टप्पा स्वतःच्या आयुष्यात पुरा केला. पन्नास वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2004 मध्ये डॉल, रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी जो हिशेब मांडला, त्यात आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यांतली सुमारे तीन वर्षे वाचवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी.

आनुवंशिकतेची शंका मात्र पूर्ण निराधार नव्हती. फिनलंडमध्ये एक ओढणारा आणि दुसरा न ओढणारा अशा एकसारख्या जुळ्यांचा पाठपुरावा झाला. आनुवंशिक घडण तीच असूनही आधी मृत्यू येण्याचे प्रमाण ओढणाऱ्या भावंडात जास्त निघाले. त्यानंतर 2008 मध्ये पंधराव्या गुणसूत्रावर पेशींवरच्या निकोटिन-ग्राहींशी (रिसेप्टर) संबंधित असा एक भाग सापडला, ज्याच्या एका रूपाचा संबंध जास्त सिगारेटी ओढण्याशीही आहे आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशीही. फिशर यांनी वर्तवलेल्या जातीची गोष्ट खरेच निघाली. पण तिचा प्रभाव सुमारे दीडपटीच्याही आत आहे, आणि उलगडा करायचा होता दहा-वीसपटींचा. उपाधी होती, तरी व्याप्ती मोडण्याइतकी ती मोठी नव्हती.

खरी ठरलेली उपाधी

याच कर्करोगाच्या इतिहासात निरीक्षणाने साफ फसवल्याचे प्रकरणही आहे. गाजरे, पालेभाज्या असा बीटा-कॅरोटीनयुक्त आहार घेणाऱ्यांत आणि रक्तात ते द्रव्य अधिक असलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. 1981 मध्ये पेटो, डॉल आणि सहकाऱ्यांनी हे द्रव्य कर्करोग रोखू शकेल का, असा प्रश्न मांडला आणि तो तपासायला हवा असे सुचवले. इथे यादृच्छिक चाचणी शक्य होती. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर ती झाली. 1994 साली निकाल आला : बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी जास्त झाला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे वाढ 28 टक्के होती.

भाज्या खाणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असतो. तो कमी ओढतो, त्याची मिळकत आणि शिक्षण बहुधा जास्त असते, भाजीत त्या एका द्रव्याखेरीज आणखी शेकडो द्रव्ये असतात. मित्राच्या मुलाच्या दृष्टांतातली पालेभाजी इथे उलट्या अंगाने आली. तिथे भाजी ही उपाधी होती. इथे भाजी खाणाऱ्याची सगळी राहणी उपाधी झाली.

मग एका निरीक्षणावर विश्वास ठेवायचा आणि दुसऱ्यावर नाही, हा पक्षपात नव्हे काय? नाही, कारण दोन्ही संबंधांचे बळ वेगळे होते. कॅरोटीनचा संबंध मुळातच क्षीण होता. तो उभा करायला थोडीशी विषम राहणीही पुरते. धूम्रपानाचा संबंध उलथवायला जेवढी प्रचंड उपाधी लागते, तशी कोणाला दाखवता आली नाही. म्हणून निरीक्षणातले अनुमान सरसकट ग्राह्यही नसते आणि सरसकट त्याज्यही नसते. त्याला मोडू शकणारी किमान उपाधी किती मोठी असावी लागेल, याच्यावर त्याची किंमत ठरते.

एका आकड्यावर सोपवलेला निर्णय

संशोधन-निबंधांत निष्कर्षाचा शिक्का म्हणून वापरला जाणारा आकडा म्हणजे पी-मूल्य. काहीही परिणाम नाही असे गृहीत धरले, तर हाती आलेल्या फरकाइतका किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच ते सांगते. गृहीतक खरे असण्याची शक्यता ते सांगत नाही. परिणाम मोठा की क्षुल्लक हेही सांगत नाही. उपाधीबद्दल तर ते पूर्ण मुके असते, कारण त्याचे गणित केवळ योगायोगाचे असते. मित्राचे शंभर मुलगे सावळे निघाले तर पी-मूल्य नगण्य होईल, पण पालेभाजीचा प्रश्न होता तिथेच राहील.

0.05 ही सीमा फिशर यांनी सोय म्हणून सुचवली होती, पुढे ती उंबरठा झाली. तिच्या अलीकडचे ‘सिद्ध’ आणि पलीकडचे ‘असिद्ध’ असे वाचण्याची सवय किती घातक आहे, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, एक हजार कल्पना तपासल्या, त्यांतल्या शंभरच खऱ्या आहेत, आणि खरी कल्पना ओळखण्याची अभ्यासाची ताकद 80 टक्के आहे. मग 80 खऱ्या कल्पना उंबरठा ओलांडतील. उरलेल्या नऊशे खोट्यांतल्या पाच टक्के, म्हणजे 45, याही ओलांडतील. ‘सिद्ध’ ठरलेल्या 125 पैकी 45 खोट्या, म्हणजे तिनांत एकाहून जास्त. कल्पना मुळातच असंभाव्य असतील तर हे प्रमाण आणखी बिघडते. जॉन आयोनिडिस यांचा 2005 मधला गाजलेला निबंध याच हिशेबावर बेतलेला होता. 2016 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने पी-मूल्याच्या गैरवापराबद्दल निवेदन काढले. 2019 मध्ये ‘नेचर’मधील एका लेखाने ‘सांख्यिकीय सार्थकता’ ही कल्पनाच निवृत्त करावी असे सुचवले, आणि त्याला आठशेहून अधिक संशोधकांनी पाठिंबा दिला. उंबरठा काढला तर हितसंबंधीयांना हवा तो अर्थ लावायला रान मोकळे होईल, असा विरोधी पक्षही आहे, आणि तोही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. नियम ठेवला तर तो यंत्रासारखा वापरला जातो, काढला तर विवेकाचा भार माणसावर येतो. हा पेच सांख्यिकीच्या आत सुटत नाही.

परिणामाच्या आकाराबाबतही असेच. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकारापासून संरक्षण मिळते, असे निरीक्षणे सांगत होती. अमेरिकेत 16,608 स्त्रियांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीचा निकाल 2002 मध्ये आला, तेव्हा हृदयविकार 29 टक्क्यांनी वाढलेला दिसला. हीच वाढ दुसऱ्या भाषेत सांगितली तर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे सात जादा रुग्ण एवढी होते. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिले धोक्याच्या बदलाचे प्रमाण सांगते, दुसरे प्रत्यक्ष भार सांगते. यांतले एकच सांगणारा खोटे बोलत नाही, पण पुरे सत्यही सांगत नाही.

समूह आणि व्यक्ती

समूहाचे सत्य एकेकट्या माणसाला लागू कसे करायचे, हा यातला आणखी अवघड प्रश्न. डॉक्टरांच्या आकड्यांत सर्वाधिक ओढणाऱ्यांचा मृत्युदर न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ चोवीसपट होता. म्हणजे त्यांच्यातल्या अशा दर चोवीस मृत्यूंपैकी सुमारे तेवीस जादा होते. पण ते तेवीस कोणते आणि तो एक कोणता, हे कोणताही आकडा सांगू शकत नाही. उलट, त्याच गटातल्या हजारांपैकी 998 जण त्या वर्षी या रोगाने मेले नाहीत. ‘माझ्या आजोबांना काही झाले नाही’ हे विधान म्हणूनच खरे असूनही नियमाला धक्का लावत नाही.

याचा तात्त्विक उलगडा कारणसामग्रीच्या कल्पनेत मिळतो. नैयायिकांच्या मते एकटे कारण कार्य घडवत नाही. सगळी सामग्री जुळली तरच कार्य होते. अग्नीला ओले सरपण लागते तसेच. केनेथ रॉथमन यांनी 1976 मध्ये साथरोगशास्त्रासाठी अशीच मांडणी केली : प्रत्येक रोगामागे घटकांचे अनेक पूर्ण संच असतात आणि एक घटक अनेक संचांत असू शकतो. तंबाखू काही संचांत असते, काहींत नसते. म्हणून तंबाखूविनाही कर्करोग होतो, आणि तंबाखू असूनही संच अपुरा राहिला तर होत नाही. एकच घटक वेगवेगळ्या रोगांच्या संचांत असण्यालाही अडचण उरत नाही, आणि बर्कसन यांचा आक्षेप त्यामुळे बोथट होतो.

शंका कुठे थांबते

उपाधी नाही हे पूर्णपणे सिद्ध करता येत नाही, हा चार्वाकांचा मुद्दा अखेरपर्यंत अबाधित राहतो. यादृच्छिक चाचणीही तो शंभर टक्के पुसत नाही. मग शंकेला अंत आहे का? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दिलेले उत्तर असे की, शंका व्याघातापर्यंत चालते. धूर अग्नीमुळेच होतो का, अशी शंका घेणारा माणूस धूर हवा असताना अग्नीच पेटवतो. ज्या क्षणी शंका आणि स्वतःची कृती यांचा विरोध येतो, त्या क्षणी ती शंका उरत नाही. श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’त याला प्रत्युत्तर दिले : विरोध दाखवायचा तर शंका आधी असावीच लागते, मग विरोधच शंकेची हद्द कसा होईल? गंगेशाने पुढे स्पष्ट केले की कृतीतला विरोध काही जादूने शंका घालवत नाही. माणूस निःशंकपणे कृती करतो यावरून शंका नव्हतीच एवढे दिसते.

डॉल यांनी आपल्या पहिल्या पाहणीचे आकडे जमत असतानाच स्वतःचे धूम्रपान सोडले. उदयनांच्या कसोटीवर हा पुरावा त्यांच्यापुरता पुरेसा होता. उलट टोकाला, तंबाखू उद्योगाने शंकेचाच व्यापार केला. जानेवारी 1954 मध्ये अमेरिकेत चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन देऊन त्याने प्रश्न अजून अनिर्णीत असल्याचे जाहीर केले, आणि 1969 च्या एका अंतर्गत टिपणात तर शंका हेच आपले उत्पादन आहे अशा आशयाचे लिहिलेले आढळले. फिशर यांची शंका आणि ही शंका यांत फरक आहे. फिशर यांनी उपाधीला नाव दिले, म्हणून ती तपासता आली आणि तपासात तिचा खरा आकार कळला. नाव नसलेली, आकार न सांगणारी आणि कोणत्याही पुराव्याने न हटणारी शंका तपासाला वावच देत नाही.

1965 मध्ये हिल यांनी कारणसंबंध जोखण्याचे नऊ दृष्टिकोन मांडले : संबंधाचे बळ, सातत्य, विशिष्टता, कालक्रम, मात्रेनुसार चढ, जैविक संभाव्यता, इतर ज्ञानाशी सुसंगती, प्रयोग आणि सादृश्य. हे नऊ कायदे नाहीत, यांतला एकही अनिवार्य नाही, असे त्यांनी बजावले. सगळ्यांचा मिळून प्रश्न एकच : समोरच्या वस्तुस्थितीचा याहून चांगला दुसरा उलगडा आहे का? हाच अन्यथासिद्धीचा प्रश्न. त्यांचे दुसरे म्हणणे कृतीबद्दल होते. सर्व वैज्ञानिक ज्ञान अपुरे असते, पण त्यामुळे हाती असलेल्या ज्ञानाकडे पाठ फिरवायची मुभा मिळत नाही. मात्र प्रत्येक कृतीला सारखाच पुरावा लागत नाही. गरोदरपणीच्या मळमळीवरचे एखादे औषध आवरायला थोडा पुरावा पुरतो, कारण चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. कारखान्यातले संशयित द्रव्य बदलायला त्याहून चांगला पुरावा हवा. लोकांना त्यांच्या आवडीची सिगारेट किंवा आहार सोडायला सांगायचे तर पुरावा फार बळकट हवा.

पुरावा केव्हा पुरेसा, याचे उत्तर म्हणूनच आकड्यांत बंदिस्त नसते. चुकीचे अनुमान केल्याची किंमत काय, अनुमान लांबणीवर टाकल्याची किंमत काय आणि ती कोणाला मोजावी लागते, हा नैतिक विचार त्यात अटळपणे येतो. अनुमान करणाऱ्याने आपल्या व्याप्तीला मोडू शकणारी उपाधी स्वतः शोधावी. शंका घेणाऱ्याने आपल्या उपाधीचे नाव आणि आकार सांगावा, आणि तिच्या तपासाचा निकाल मान्य करावा. ही दोन कर्तव्ये पाळली गेली तर निश्चिती मिळाली नाही तरी विवेकपूर्ण निर्णय मिळतो, आणि आरोग्याच्या प्रश्नांत माणसाला बहुतेक वेळा तेवढ्यावरच चालावे लागते.